न पावलेला नवस

ला पालोमिता, टेक्सस
६ ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप एलिसेओदादास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की मला फोनवर ओरडायचं आहे, आणि आईचा नियम तुझ्या लक्षात असेलच: भांडायचं असेल तर लिहून भांडा, म्हणजे शेजाऱ्यांची करमणूक होत नाही. तेव्हा लिहिते. हॉस्पिटलने मला यंदाची सर्वोत्तम नर्स ठरवलं आहे. लगेच अभिनंदन करू नकोस, आधी पुढचं वाच.

आमचे नवे व्यवस्थापक प्रुइट साहेब यांनी मला बोलावून ही बातमी दिली, माझा हात हातात घेऊन दाबला, आणि तो सोडायच्या आतच सांगितलं की जानेवारीपासून माझी खोली बंद. तुला ती खोली ठाऊक आहे, व्हरांड्याच्या टोकाची, जुनी शेगडी असलेली. साखरेच्या पेशंटांना मी तिथेच शिकवते. सुई कशी टोचायची ते कुठेही शिकवता येतं रे. पण मक्याच्या किती टॉर्टियांनी साखर किती चढते ते तवा तापल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. म्हणून तर मी पेशंटबरोबर त्याच्या घरी रांधणारीलाही बोलावते, बायको असो, सून असो नाहीतर सासू. पथ्य खाणाऱ्याच्या हातात कुठे असतं, ते वाढणारीच्या हातात असतं. साहेबांचं म्हणणं, हे सगळं एका व्हिडिओ कॅसेटमध्ये मावतं. बाहेर बाकांसमोर टीव्ही लावायचा आणि या खोलीची देणगीदारांना कॉफी प्यायला बैठकीची खोली करायची. ती कॅसेट मी पाहिली. सगळी इंग्रजीत, आपल्या स्पॅनिशचा एक शब्द नाही, आणि तिच्यातली बाई ब्रोकोली उकडते. आपल्या गल्लीत ब्रोकोली कोण खातं, दादा?

कडी म्हणजे शुक्रवारी फोटोवाला येणार आहे, माझा फोटो त्याच शेगडीपाशी काढायला. कापायच्या आधी बकऱ्याला हार घालतात, त्यातली गत.

समारंभ २३ नोव्हेंबरला आहे. एक 'यशस्वी पेशंट' बोलायला आणा म्हणाले. मी चोनाबाईंचं नाव दिलं, त्या बाजारात टॉर्टिया करून विकणाऱ्या. त्यांची साखर कशाने ताळ्यावर आली माहीत आहे? नवसाने. आपल्यात कुणाच्या घरी जाऊन मी आजारी आहे म्हटलं, तर बिचारी वाळली म्हणून केकचा दुसरा तुकडा वाढतात. नको म्हटलं तर तीन पिढ्यांचा अबोला. पण व्हर्जिन मातेला गोड न खाण्याचा नवस बोललेय म्हटलं, की ताट आपोआप मागे जातं. मी माझ्या सगळ्या बायकांना हेच सांगायला शिकवलं आहे. आईला हे कुणी शिकवलं असतं तर ती शेवटी आंधळी होऊन भिंती चाचपत फिरली नसती.

तुझ्या नव्या बुटांचं कळलं. साखर तुलाही आहे, तेव्हा रोज संध्याकाळी मोजे काढून तळवे, बोटांच्या बेचक्या सगळं बघ. बघत नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते. समारंभाला ये.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही ते पाय बघून ठरव.

तुझी,
हर्लिंडा


लबक, टेक्सस
१४ ऑक्टोबर १९९६

चि. हर्लिंडा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून निम्मा आनंद झाला आणि निम्म्याने माझं डोकं फिरलं. आनंदाचं आधी लिहितो. बक्षीस घे. आबांना आयुष्यात कापूस वेचल्याबद्दल कुणी शाबासकीसुद्धा दिली नाही. आपल्या घरात एवढा एक मान येतोय तर नाक मुरडू नकोस.

आता दुसरं. नवस म्हणजे तुझ्या कपाटातली गोळी वाटली का तुला, की आली बाई आणि दे तिला एक? मी इथे चर्चमध्ये मेणबत्त्या लावतो, रविवारी झोळी फिरवतो. नवस बोलणारी माणसं मी रोज बघतो. मुलगा तुरुंगातून सुटावा म्हणून गुडघ्यांवर चालत येणारी आई असते, हर्ले. आणि तू देवीचं नाव घेऊन केक चुकवायला शिकवतेस! न बोललेला नवस बोलले म्हणून सांगणं याला साध्या भाषेत खोटं म्हणतात. तुझं लहानपणापासून हेच. उपासाच्या दिवसांत गोड सोडलं म्हणून गावभर सांगायचीस आणि कोठीत बसून गूळ खायचीस. व्हर्जिनशी असली लबाडी कधीतरी अंगाशी येते, एवढं लिहून ठेव.

समारंभाला येणं जमणार नाही. कापसाचा हंगाम आहे, जिनिंग मिलमधल्या वजनकाट्यावर अजून मलाच बोलावतात. दिवसभर उभं राहायचं म्हणून तर बूट घेतले. उजव्या पायाच्या बोटाला फोड आला होता, त्याला मलम लावलं. जरासुद्धा दुखत नाही, म्हणजे बराच झालेला असणार. तेव्हा नर्सबाई, माझ्यावर वर्ग भरवू नका.

रागावलो आहे, तरी लोभ तसाच ठेव.

तुझा दादा,
एलिसेओ


ला पालोमिता
२७ ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझी वाणी खरी ठरली. खूश हो.

चोनाबाईंच्या नातीचा पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा होता. सकाळी इन्सुलिन टोचून बाई चर्चला गेल्या. प्रार्थना लांबली, मग फोटो लांबले, बँडवाले उशिरा आले आणि जेवण कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. बाईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर उतरत होती. मी शिकवलेलं नातीला आठवलं, ती धावत संत्र्याचं गोड सरबत घेऊन आली. आणि चोनाबाईंनी दात आवळले! म्हणे गोड खाणार नाही असा मी नवस बोलले आहे, मोडला तर पोरीवर येईल. सगळ्या बायका आपल्या ऐकून घेतात आणि वेळ आली की थाप मारतात. ही एकटी घरी जाऊन मेणबत्ती लावून खरोखर बोलली होती. मी थाप शिकवली, तिने ती खरी केली. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत शुद्ध हरपली होती. शिरेतून साखर दिली तेव्हा डोळे उघडले, आणि पहिला प्रश्न काय, तर नवस मोडला का.

कुणाकुणावर संतापू ते मला कळत नाहीये. माझ्यावर तर आहेच. पेशंटला गोड कधी खायचं नाही हे शिकवलं आणि कधी खायलाच हवं हे नवसाला जोडून सांगितलं नाही, ती चूक माझी. पण प्रुइट साहेबांचा आनंद बघायला हवा होतास. म्हणाले, आता तुम्हालाच पटलं असेल, शेगडीपाशी बसून अंधश्रद्धा शिकवण्यापेक्षा कॅसेट बरी. बक्षीस मात्र कायम राहील, पत्रिका छापून झाल्यात. फक्त त्या बाईला आणू नका आणि नवसाचा विषय काढू नका. म्हणजे माझा फोटो हवा, मी नको.

मी समारंभाला जाणार नाही. माझ्या नावाचा काय उदो उदो करायचा तो माझ्याशिवाय करा.

आणि तू! दुखत नाही म्हणून बरा झाला म्हणतोस? साखरेच्या माणसाची जखम दुखत नाही तेव्हाच भ्यायचं असतं. आईच्या पायाचं काय झालं ते विसरलास? तीही शेवटपर्यंत हेच म्हणत होती. बोटाचा रंग कसा आहे ते उलट टपाली कळव. आज दुसरं काही लिहायला हात वळत नाही.

तुझी,
हर्लिंडा


लबक
४ नोव्हेंबर १९९६

चि. हर्लिंडा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी म्हटलं होतं ना, असं लिहायला बसलो होतो. तीन ओळी लिहिल्या आणि कागद फाडला. त्या साहेबावरचा राग तुझ्यावरच्या रागापेक्षा मोठा निघाला. आपल्या लोकांच्या श्रद्धेला अंधश्रद्धा म्हणणारा हा कोण टिकोजीराव? त्याच्या गळ्यात बायकोने दिलेलं क्रॉसचं पदक नसेल तर माझं नाव बदल.

आता नीट ऐक. तू सुईतली शहाणी आहेस, नवसातला मी. जीव धोक्यात घालणारा नवस हा नवसच नसतो. आणि अडचणीचा नवस बदलून देण्याचा अधिकार फादरना असतो, हे तुला कोठीत बसून कुठून कळणार? आपला अन्सेल्मो तिथे चर्चमध्ये फादर होऊन कशाला बसलाय? शाळेत माझ्या पाटीवरून गणितं उतरवून पास झालेला माणूस आहे, मला नाही म्हणणार नाही. मी त्याला फोन केला. चोनाबाईंना त्याच्याकडे पाठव. साखर उतरली की गोड पिणं ही देवीचीच आज्ञा, त्याने नवस मोडत नाही, हे तो त्यांना वेदीसमोर सांगेल. तुझ्या बाकीच्या बायकांनाही घेऊन जा आणि त्यांच्याकडूनही खरा नवस बोलवून घे. खोट्या नवसाने अपघात होतात. खरा, नीट बांधलेला नवस असला तर तुझी युक्ती वाईट नाही. हे मी एकदाच लिहितोय.

समारंभाला जा. रिकाम्या खुर्चीचा अपमान होत नसतो, माणसाचा होतो, आणि त्याला उत्तरही माणूसच देतं.

बोटाचं विचारलंस. जरा काळसर आहे. नव्या बुटांचा रंग लागला असेल. काट्यावरून सुट्टी मिळाली की बघू.

लोभ आहे, तो रागासकट स्वीकार.

तुझा दादा,
एलिसेओ


लबक
२५ नोव्हेंबर १९९६

चि. हर्लिंडा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चोनाबाईंनी सांगितलंच असेल, शनिवारी तुझ्या समारंभाला मी होतो. तू नाही गेलीस, म्हणून मी गेलो. कुणीतरी आपल्या कांतू घराण्यातलं त्या खुर्चीवर बसायला हवं होतं. तुझ्या घरी न येता परत का निघालो ते शेवटी लिहितो.

साहेबांनी उठून सांगितलं की हर्लिंडाबाईंची प्रकृती बरी नाही. मी तिथेच टेबलावर हात आपटणार होतो, अन्सेल्मोने माझी बाही धरली. चोनाबाई आल्या होत्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तुझ्या वर्गातल्या इतर बायकाही नवऱ्यांना, सासवांना घेऊन आल्या होत्या आणि मागच्या टेबलांवर ठाण मांडून बसल्या होत्या. तुझं भरपूर कौतुक झालं. कोण नर्स, काय शिकवते, कुठे शिकवते, यातलं एक अक्षर नाही. तू प्रेमळ आहेस म्हणे. मला हसू आलं.

मग ढकलगाडीवरून केक आला. हर्ले, त्या केकवर साखरेचा तुझा चेहरा होता! मागे चॉकलेटची शेगडीसुद्धा काढली होती. साखरेच्या आजाराशी जन्मभर भांडलेल्या बाईचा मान करायला साखरेची बाई! साहेबांच्या बायकोने स्वतः कापला आणि पहिली बशी मागच्या टेबलावर आणली. चोनाबाईंनी हात जोडले, म्हणाल्या माफ करा, माझा नवस आहे. बशी शेजारणीकडे गेली, तिचाही नवस. मग तिसरीचा. मग सासवांचा आणि नवऱ्यांचा. साहेबांच्या बायकोला वाटलं या लाजतायत, म्हणून तिने आणखी आग्रह केला. तेव्हा साहेब हसत हसत आले आणि हा काय प्रकार म्हणून विचारू लागले.

इंग्रजीत मी सांगितलं. रविवारी फादरसमोर सगळ्यांनी नवस बोललाय. त्या खोलीतली शेगडी राहावी हे मागणं आहे, आणि तोवर या हॉस्पिटलच्या हातचं गोड कुणी तोंडात घालणार नाही. साखर उतरली तर सरबत प्यायचं, त्याने नवस मोडत नाही, तेवढं फादरनी बांधून दिलंय. साहेब अन्सेल्मोकडे बघायला लागले. केकचा हावरट आहे तो, तुला माहीत आहे, पण त्याने बशीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या टेबलावर एक म्हातारी देणगीदार बाई होती, तिनेही काटा खाली ठेवला आणि विचारलं, कुठली खोली? तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. केक तसाच परत गेला. एक कान साहेबांनी आधीच खाल्ला होता, बाकी तुझा चेहरा शाबूत राहिला.

खोलीचा शेवटचा निकाल हॉस्पिटलच्या बोर्डाकडे आहे, त्याची बैठक जानेवारीत आहे. मीही माझा वेगळा नवस बोललो. शेगडी राहिली तर मी पाय उघडा करून तुला दाखवीन, एरवी नाही. म्हणून तुझ्या दारात आलो नाही. आलो असतो तर तू आधी बूट काढायला लावले असतेस.

लोभ आहेच, आता अभिमानही धर.

तुझा दादा,
एलिसेओ


ला पालोमिता
२ डिसेंबर १९९६

दादास,
आज साष्टांग नमस्कार नाही. आज तू समोर असतास तर काठीच घेतली असती.

तुझं पत्र यायच्या आधीच चोनाबाई माझ्याकडे आल्या होत्या. केकची हकीगत त्या नंतर सांगत बसल्या. पहिलं वाक्य काय बोलल्या माहीत आहे? म्हणाल्या, तुझ्या भावाच्या पायाला वास येतो. तू त्यांच्या टेबलाशी आलास तेव्हा त्यांना तो आला. आणि त्यांना भीती कशाची वाटली, तर तू लंगडत नव्हतास याची. तसल्या पायावर तू मजेत सगळ्या दालनातून फिरत होतास. जखम आहे आणि दुखत नाही, म्हणजे धावत दवाखाना गाठायचा, हे मी त्यांना शेगडीपाशी बसवून शिकवलंय. माझ्या सख्ख्या भावाला शिकवता आलं नाही.

आणि तू नवस काय बोललास, गाढवा? शेगडी राहिली तर पाय दाखवीन? स्वतःचा पाय गहाण टाकलास तो प्रुइटच्या दारात? बोर्ड जानेवारीपर्यंत चहा पीत बसेल, तुझं बोट थांबणार आहे का? मला शेगडी हवी होती ती कशाला? लोकांचे पाय राहावेत म्हणूनच ना! पाय घालवून शेगडी मिळाली तर ती काय मी तुझ्या तिरडीपुढे पेटवू?

आईला मी गमावलं तेव्हा शिकाऊ होते, गप्प बसून बघत होते. आता गप्प बसणार नाही.

मी फादर अन्सेल्मोंकडे गेले. त्यांनी तुझा नवस बदलून दिला आहे. आता तो असा: आधी फेडायचा, देवीने पावायचं की नाही ते तिचं ती बघेल. वेदीसमोर बदललाय, तेव्हा तुला तोंड उघडायला जागा नाही. नवसातला शहाणा तू, कायदा तूच सांगितलास.

गुरुवारच्या बसने मी येते आहे. बूट, मोजे काढून दारात बस. त्याआधी बोट काळं होऊन वर चढताना दिसलं किंवा अंगात ताप आला, तर माझी वाट न बघता हॉस्पिटलात जा. मलमाला हात लावशील तर खबरदार.

लोभ तिथे आल्यावर.

हर्लिंडा


लबक
९ फेब्रुवारी १९९७

चि. हर्लिंडा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बोर्डाने शेगडी काढलीच, हे वाचून मी उठून उभा राहिलो आणि पडता पडता वाचलो. ऑपरेशनमध्ये पायाची दोन बोटं गेल्यावर तोल अजून सापडत नाही. वर त्या देणगीदारांच्या बैठकीच्या खोलीला तुझं नाव दिलं म्हणे! हर्लिंडा कांतू दालन. जिथे तुला पाऊल ठेवू देणार नाहीत तिथे दारावर तुझं नाव. चार दिवस झाले, भेटेल त्याला हेच सांगून ओरडतोय. ती म्हातारी देणगीदार बाई तुझ्या बाजूने बोलली एवढंच समाधान, पण बोर्डात ती एकटी पडली.

चर्चच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात तू पुन्हा सुरुवात केलीस हे बरं केलंस. तिथली शेगडी धूर करते म्हणतेस, अन्सेल्मोला सांगतो, दुरुस्त केल्याशिवाय त्याला गणिताची आठवण करून देत राहीन. आणि टपालाने आलेली ती बक्षिसाची लाकडी पाटी तू तापलेला तवा ठेवायला घेतलीस, हे वाचून मात्र आजारपणानंतर पहिल्यांदा पोट धरून हसलो. मला ती आबांच्या फोटोशेजारी भिंतीवर टांगायची हौस होती. राहू दे, तव्याखालीच बरी.

इथल्या सर्जनने कालच जखम पाहिली. म्हणाला, आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्यापासून कापावा लागला असता. मग विचारलं, वेळेवर कुणाच्या लक्षात आलं? मी म्हटलं, ला पालोमिताच्या बाजारात टॉर्टिया विकणाऱ्या एका बाईच्या. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग मी त्याला विचारलं, त्या बाईला हे कुणी शिकवलं ते नाही विचारणार? आणि त्याने न विचारताच मी तुझं नाव सांगितलं. त्याला लिहून घ्यायला लावलं, स्पेलिंगसकट.

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर मी मिलमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांना हॉलमध्ये थांबवून बूट काढायला लावले. त्यांच्या फार शिव्या खाल्ल्या. एकाच्या टाचेला भेग होती, ती त्याला ठाऊकच नव्हती. त्याला मी दवाखान्यात पाठवलं. तो म्हणाला, दुखत नाही. मी त्याच्यावर इतका ओरडलो की इथले फादर धावत आले.

मागणं काही पूर्ण झालं नाही, हर्ले. देवी पावली नाही आणि मला फेडावं मात्र लागलं, याचा मला तिच्यावरही राग आहे आणि ते मी तिला मेणबत्ती लावताना सांगतो. पण अंथरुणात पडल्या पडल्या एक गोष्ट कळली. न पावलेला नवस फेडत राहणारं माणूस मी जन्मात एकच पाहिलंय. ती मोडीत निघालेल्या शेगडीपाशी फोटो काढून घेते, मग दुसऱ्याची धुराची शेगडी पेटवते आणि पुढच्या बाईला म्हणते, बस, तवा तापू दे. तुझा मान आम्ही केकवर केला, पाटीवर केला, दारावर केला. माणसाने तो पायावर करायचा असतो, हे मला फार उशिरा समजलं.

रोज संध्याकाळी मोजे काढून बघतो. उरलेली सगळी गुलाबी आहेत.

लोभ आहे तसाच राहू दे, आणि ओरडत जा.

आठ बोटांचा तुझा दादा,
एलिसेओ